बारा फुटी छत्री आणि माझी साठी

माझं वय एकावन्न आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही नागपूरच्या रेशीमबागेतल्या निदान शंभर माणसांच्या मते मी साठीचा आहे. काहीजण तर मला पाहून बसमध्ये जागा देऊ लागले आहेत. गच्चीवर टीव्हीची छत्री बसवण्याचा आणि माणसाच्या वयाचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं, पण योग्य त्या कार्यालयात विचारलं नाही, इतकीच माझी चूक.

माझी बायको सुमती फेब्रुवारीत तिच्या भावाकडे मुंबईला गेली होती. भावाच्या शेजारच्या एक बाई टीव्हीच्या मुंबई केंद्रावर महिलांच्या कार्यक्रमाचं काम पाहतात. सुमतीने त्यांना एकदा वडाभात खाऊ घातला. वडाभात काय असतो हे नागपूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून कळत नाही. डाळीचे वडे तळायचे, भातावर कुस्करायचे आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल घ्यायचं, एवढंच म्हणतो. त्या बाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी हिला केंद्रावर नेऊन तिच्याकडून कॅमेऱ्यासमोर वडाभात करून घेतला. परत आल्यावर पिशवी रिकामी करता करता सुमतीने मला हे सांगितलं. मी ‘अरे वा’ म्हणालो आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

एप्रिलच्या मध्यावर मुंबईहून कार्ड आलं. कार्यक्रम महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला. सुमतीने ते कार्ड देवघरात अन्नपूर्णेच्या मागे ठेवलं. तिसऱ्या दिवशी मला चहा देताना ती म्हणाली, “मला दिसेल का हो ते?”

दिसणार नव्हतं. नागपूरच्या मनोऱ्यावरून आमच्याकडे दिल्ली येते. मुंबईचा मराठी कार्यक्रम जातो आकाशातल्या उपग्रहावर, आणि ज्याला झेलता येईल त्याने तो तिथून झेलावा असा एकूण मामला. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवेना, आणि आठवत नाही याची जरा लाजच वाटली. मी म्हणालो, “दिसेल. मी दाखवतो.” त्या दिवशी संध्याकाळी तिने चहात साखर दोनदा घातली.

आता दाखवायचं कसं? माझे साडू मनोहरराव कोराडीच्या वीजकेंद्रात यंत्रांचे काटे तपासायच्या कामावर आहेत. त्यांना न येणारी गोष्ट अजून निघायची आहे. म्हणजे ती आली नाही असं पुढे सिद्ध होतं, पण सुरुवातीला ते ‘त्यात काय आहे’ असंच म्हणतात. ते म्हणाले, त्यात काय आहे मधुसूदनराव, बारा फूट रुंदीची लोखंडी छत्री करायची, उलटी ठेवायची, आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावायची आणि तोंड दक्षिणेकडे वर करायचं. उपग्रहाचं बोलणं पकडणारा डबा त्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे होता. तो पंधरा दिवसांच्या बोलीवर मिळाला. छत्री करून देणारा माणूसही त्यांच्या नजरेत होता. कुहीचा रुपराव.

रुपराव लग्नाच्या पंगतींना लागणाऱ्या कढया करतो. त्या पंचक्रोशीत त्याच्या कढईशिवाय लग्न लागत नाही. मनोहररावांनी काढलेला नकाशा त्याने पायाच्या अंगठ्याखाली दाबून नीट पाहिला आणि एवढ्या कढईत किती माणसांचं करायचं आहे ते विचारलं. मी सांगितलं की हिच्यात काही शिजवायचं नाही. त्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, “साहेब, बुड जाळीचं काहून ठेवून राह्यले? सारा रस्सा गळून जाईन ना गा.” मनोहररावांनी त्याला उपग्रह समजावून सांगितला. अर्धा तास लागला. रुपरावाने मान डोलावली आणि आठव्या दिवशी छत्री तयार केली. नकाशाबरहुकूम होती, फक्त दोन बाजूंना दोन भक्कम कड्या जास्तीच्या होत्या. कान नसलेली कढई त्याच्या हातून आजवर गेली नव्हती. उचलसान कशी, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता.

तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ट्रकवर आडवी घालून छत्री कुहीहून निघाली. सक्करदऱ्याच्या चौकात ट्रक थांबवून तिघांनी कोणाकडे लग्न आहे ते विचारलं. आमच्या गल्लीत ती मावेना. उभी करून, घरंगळत आणली आणि फाटकाबाहेर भिंतीला टेकवून ठेवली. तिथे ती चार दिवस होती, कारण गच्चीवर चढवायची तर पाण्याची टाकी हलवायला हवी होती आणि टाकी हलवायची तर गवंडी हवा होता. त्या चार दिवसांत गल्लीने मला इतका सल्ला दिला की त्यात दुसरं घर बांधून झालं असतं. कोणी म्हणालं वीज पडेल. समोरच्या यमुताई म्हणाल्या, दक्षिणेकडे तोंड करून आम्ही दिवासुद्धा लावत नाही आणि तुम्ही एवढं मोठं भांडं लावून राहिले, यमाला काय वाटेल? यमुताई सत्तरीच्या आहेत आणि गल्लीतल्या सगळ्या मंगलकार्यांचा कारभार त्यांच्याकडे असतो. मी सांगितलं की उपग्रह दक्षिणेला आहे, माझा इलाज नाही. त्यांनी यम आणि उपग्रह यांच्यात मला फारसा फरक करू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या कार्यालयातला एक माणूस सायकलवरून आला, छत्रीभोवती एक फेरी मारली आणि परवानगी आहे का म्हणाला. नव्हती. मी अर्धी रजा टाकून कार्यालयात गेलो. तिथला कारकून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. अतिशय सज्जन माणूस. माझ्या पुढच्या सगळ्या हालांना तो कारण झाला, पण त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. त्याने मला बसायला खुर्ची दिली, प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा पुढे केला आणि वही उघडली. वहीत छत्री नव्हती. जाहिरातीचा फलक होता, पण मग जाहिरात कशाची ते लिहावं लागलं असतं. कबुतरखाना होता, पण कबुतरं मोजून द्यायची होती. शेवटी तो म्हणाला की घरावर तात्पुरतं, तीन फुटांहून मोठं, खांबावर उभं असं जे काही असतं त्याला वहीत मांडव म्हणतात. मांडवाची परवानगी त्याच्या सहीने, उभ्या उभ्या मिळत होती. मी म्हणालो, मांडव तर मांडव.

फक्त एक रकाना भरायचा राहिला. मांडवाचं प्रयोजन. लग्न म्हणाल तर मुलगी एकच, तिचं मागल्या वर्षी झालेलं. मुंज माझी एकट्याची, तीही चाळीस वर्षांपूर्वीची. बारसं कुणाचं करणार? कारकुनाने खर्रा गालात सारला, शांतपणे माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग कानांवरच्या केसांकडे पाहिलं आणि मला एक शब्दही न विचारता लिहिलं: ‘अर्जदाराची षष्ट्यब्दीपूर्ती.’ मी खाली सही केली. शनिवार पाच दिवसांवर आला होता आणि साठीचा तेवढा ठप्पा लागला तरी सहन करायचं ठरवलं. परवानगीची एक प्रत मांडवाच्या दर्शनी भागी चिकटवणं बंधनकारक होतं. ती मी फाटकावर चिकटवली, जमेल तितकी खाली. पण यमुताई सगळंच वाकून वाचतात.

संध्याकाळी मी नोकरीवरून घरी आलो तेव्हा घरात दोन नारळ आणि एक शाल येऊन पडली होती. यमुताईंनी साठीचा बेत हाती घेतला होता. साठ दिव्यांनी ओवाळायचं म्हणून गल्लीतल्या बायका कणकेचे दिवे करायला बसल्या होत्या. नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात, तेव्हा मुंडावळ्या आणायला कोण जाणार, यावर चर्चा चालली होती. मी ओरडून सांगितलं की मी एकावन्न वर्षांचा आहे. सगळ्या माझ्याकडे मायेने पाहू लागल्या. यमुताई म्हणाल्या, होतं असं, आमचे हेसुद्धा साठी आल्यावर पंधरा दिवस मानत नव्हते. न्हाव्याने कलप लावून देऊ का विचारलं. मी सुमतीकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून भिंतीकडे वळली होती.

इथवर ठीक होतं. पण आमच्या सरकारी कार्यालयाचे अधीक्षक दत्तोपंत पलीकडच्याच गल्लीत राहतात आणि सकाळी दूध आणायला आमच्या फाटकावरून जातात. दत्तोपंत नियमाने चालणारे गृहस्थ. त्यांना विनोद सांगितला तर ते त्याची तारीख विचारतात. मंगळवारी माझ्या टेबलावर लिफाफा आला. शासकीय नोकरीची वयोमर्यादा अठ्ठावन्न असताना श्री. मधुसूदन हरकरे हे साठी साजरी करीत असल्याचे शिक्क्याच्या कागदावरून दिसते, तरी गेली दोन वर्षे ते कोणत्या अधिकाराने नोकरीत आहेत याचा खुलासा करावा.

मी धावत त्यांच्या खोलीत गेलो आणि छत्रीपासून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं टिपून घेतलं. मग म्हणाले, सेवापुस्तकात तुमचं वय एकावन्न आहे, त्यावर शिक्का आहे. मांडवाच्या परवान्यात साठ आहे, त्यावरही शिक्का आहे. मी कोणत्या शिक्क्यावर अविश्वास दाखवू? मी म्हणालो, परवाना खोटा आहे. ते म्हणाले, तसं लिहून द्या, मी लगेच वॉर्डाला कळवतो, ते परवाना रद्द करतील आणि छत्री उचलून नेतील. कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

मी पेन काढलं. तीन ओळींचं काम होतं, नोकरी वाचत होती आणि अब्रूही वाचत होती. पण छत्री गेली असती बुधवारी आणि कार्यक्रम होता शनिवारी. मला चहातली ती दोनदा घातलेली साखर आठवली. मी आजवर शासनाच्या कागदाला नाही म्हटलेलं नाही, तरी त्या दिवशी पेनाला टोपण लावलं आणि खुलासा सोमवारी देतो म्हणालो. दत्तोपंत म्हणाले की तोवर मी साठीचा आहे असं धरून ते स्वतः शनिवारी प्रत्यक्ष पाहणीला येतील. घरी मी यातलं काही सांगितलं नाही. नोकरी गेली तर काय, याचा विचार मी जिन्यात बसून केला आणि मला खरंच भीती वाटली.

बुधवारी टाकी हलली. ती हलवताना नळ तुटला आणि गुरुवारपर्यंत आम्ही यमुताईंकडचं पाणी वापरलं. गुरुवारी अकरा माणसांनी दोर लावून छत्री गच्चीवर ओढली. रुपराव मुद्दाम कुहीहून आला होता. कान ठेवले म्हणून तुमची कढई चढली, हे त्याने प्रत्येकाला वेगळं वेगळं सांगितलं. शुक्रवारी मनोहररावांनी होकायंत्र, ओळंबा आणि शाळेतला कोनमापक घेऊन छत्री रोखली. पडद्यावर फक्त मुंग्या आल्या. दुपारपर्यंत मुंग्याच होत्या. जेवून वर जातो तर छत्रीवर ओलं लुगडं अंथरून यमुताईंनी त्यावर मुगवड्या घातलेल्या. उन्हाळ्याचे दिवस, चहूकडून वारा लागणारी एवढी स्वच्छ जागा गल्लीत दुसरी नव्हती, आणि खालून जाळी असल्यामुळे वड्या दोन्ही बाजूंनी वाळणार होत्या. मनोहरराव वड्यांवर बरेच बोलले. पण वड्या काढल्यावरही मुंग्याच आल्या, त्यामुळे त्यांना तो विषय सोडावा लागला.

शनिवार उजाडला. गल्ली जेवायला येणार हे आता टळत नव्हतं. सुमतीने सकाळपासून चाळीस माणसांचा वडाभात मांडला होता. मी तिला एवढंच म्हणालो की काहीही होवो, सव्वासहाला तू पदर खोचलेला सोडून टीव्हीसमोर बसायचं. ती म्हणाली, दिसून तर राहिलं नाही ना काही. मी म्हणालो, दिसेल. हे मी कशाच्या जोरावर म्हणालो ते मला माहीत नाही.

पाच वाजता माणसं येऊ लागली. दत्तोपंत वही घेऊन आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. मनोहरराव खाली टीव्हीशी, मी वर छत्रीशी. सहा वाजून पाच मिनिटांनी घामाने हात सटकून माझा तोल गेला आणि मी पश्चिमेकडच्या कडीला लोंबकळलो. खालून मनोहररावांची आरोळी आली, “आलं.” मी आनंदाने कडी सोडली. “गेलं.” पुन्हा धरली. “आलं.” रुपरावाच्या हाताला कढईचं वळण, त्यामुळे छत्री एका अंगाला चार बोटं जास्त खोल झाली होती. तिला बरोबर माझ्याएवढं वजन त्या बाजूला लागत होतं. मनोहररावांनी एक पोतं, एक पाटा आणि रुपराव असे तिन्ही लावून पाहिले. पोत्याने दिल्ली नाही की मुंबई नाही, पाट्याने आवाज आला पण चित्र गेलं, रुपराव जास्त भरला. शेवटी मीच राहिलो. पाय गच्चीपासून वीतभर वर, हात कडीत आणि अंगावर साठीची शाल.

साडेसहाला खालून संगीत ऐकू आलं. मग एका बाईचा गोड आवाज. मग सुमतीचा. शब्द कळत नव्हते, पण आवाज तिचाच होता, जरा उंच लागलेला. घरात ती पाहुण्यांशी बोलताना लागतो तसा. गल्ली कशाला तरी मोठ्याने हसली. मी वरूनच हसलो, का ते न कळता. हात दुखत होते. तेल तापल्याचा चुर्र आवाज आला, तो टीव्हीतला की स्वयंपाकघरातला कोण जाणे. मग पुन्हा त्या बाईंनी काही विचारलं, सुमतीने काही सांगितलं, आणि खाली एकदम शांत झालं. चाळीस माणसं आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं चित्र गेलं. मी आणखी जोर लावून लोंबकळलो.

कार्यक्रम संपला. मी हात चोळत खाली आलो. सुमती टीव्हीसमोर पाटावर बसली होती, डोळे ओले होते आणि चेहरा उजळलेला. मी आयुष्यात काही तरी वेळेवर केलं होतं. यमुताई साठ दिवे लावलेलं ताट घेऊन उठल्या. मी शाल नीट केली आणि पुढे झालो. त्या मला वळसा घालून गेल्या आणि सुमतीला ओवाळू लागल्या. मग सगळ्या बायकांनी तिलाच ओवाळलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. दत्तोपंतांनी वही मिटली, दोनदा वडाभात घेतला आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी यापूर्वी कधी ठेवला नव्हता, त्यामुळे नोकरी गेली असं मी धरून चाललो.

ती काय म्हणाली, हे मला कुणी सांगेना. मनोहररावांना विचारलं तर ते चित्राच्या ठळकपणाबद्दल बोलले. यमुताई म्हणाल्या की तिने त्या निवेदिकेला ‘बाई, जरा सरका, तेल उडेल’ म्हटलं, तेव्हा आम्ही हसलो. मग शांत का झालात? त्यांना दाराशी दूधवाला आल्याचं आठवलं. सुमतीला विचारलं. ती म्हणाली, “खरं तेच सांगितलं हो,” आणि कांदा चिरायला बसली.

सोमवारी मी खुलासा घेऊन गेलो, तर दत्तोपंतांनी तो घेतला नाही. चौकशी पूर्ण झाली होती. गुरुवारी अहवाल माझ्या टेबलावर आला, वाचून सही करण्यासाठी.

‘सौ. सुमती हरकरे यांनी टीव्हीवर, सुमारे चाळीस साक्षीदारांच्या समक्ष, कोणत्याही दडपणाशिवाय असे निवेदन केले की, लग्न झाले तेव्हा पती पंचवीस वर्षांचे होते व त्यास आता सव्वीस वर्षे झाली. त्यावरून श्री. हरकरे यांचे वय एकावन्न ठरते. सबब प्रकरण निकाली काढण्यात यावे. निवेदिकेने पुढे, यजमानांना आपल्या हातचा वडाभात आवडतो का, असे विचारले असता सौ. हरकरे यांनी, ते मला ठाऊक नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही, असे उत्तर दिले. सदर मुद्दा वयाशी संबंधित नसल्याने विचारात घेतलेला नाही.’

मी ते तीनदा वाचलं. खाली ‘वाचले’ असं लिहून सही केली. शिपाई अहवाल घेऊन गेला. मी दुपारभर एकही कागद पुढे सरकवला नाही आणि त्या दिवशी पाचच्या ठोक्याला उठलो.

घरी आल्यावर हातपाय धुतले. जेवायला बसलो. सुमती वाढत होती. मी पहिला घास घेतला, मग दुसरा. सव्वीस वर्षांत न केलेली गोष्ट एकदम करायची होती. पाणी प्यायलो आणि ताटाकडे पाहतच म्हणालो, “वडाभात फार छान झाला आहे.”

डाव हवेतच थांबला. तिने आधी ताटाकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

“खिचडी आहे ती,” सुमती म्हणाली, आणि मी नको म्हणायच्या आत तिने आणखी एक डाव वाढला.